नकोजीरावांनी टेबल सर केले त्याची हकिगत

सकलगुणालंकृत, वाचनकार्यधुरंधर, हाती पुस्तक धरून डुलकी न घेणारे ऐसे जे वाचक, त्यांचे सेवेसी कलमबहाद्दराचा दंडवत. विशेष. परदेशी उद्योजक नव्या उद्योगनगरीत येऊन बस्तान कैसे बसवितात, साधनसामग्री कोठून पैदा करितात, कोणाचे दार ठोठावितात आणि कोणाच्या दाराबाहेर उगाच चपला न्याहाळीत उभे राहतात, हे साद्यंत लिहावे ऐसी आज्ञा जाहली. आज्ञा कोणी केली हे पुसू नये. बखरकारास आज्ञा लागतेच. नाही जाहली तरी जाहली ऐसे लिहावयाचे असते. यापूर्वी थोर थोर बखरी जाहल्या, त्यांत हत्ती पडले, घोडे पडले, बुरूज ढासळले. या बखरीत कोणीही पडत नाही, फक्त दूध उतू जाते. परंतु प्रसंग लहान होता ऐसे ज्यास वाटेल त्याने आधी आपल्या बायकोस कायमची नोकरी सोडावयास लावून परमुलखी न्यावे, आणि मग बोलावे.

तर या मोहिमेत खासे आसामी दोन. पहिल्या बाईसाहेब. फ्रिजच्या कारखान्यात अभियंता, हाताखाली माणसे, वरती साहेब, आणि साहेबाचा सारा डोलारा यांच्या अकलेवर, ऐसा त्यांचा इतमाम होता. दुसरे त्यांचे यजमान. यांस घरी 'भाऊ' म्हणत, परंतु लग्नानंतर सासुरवाडीच्या पहिल्या जेवणास यांनी दर वाढपास दोन्ही हात ताटावर आडवे धरून "नको नको" ऐसा आकांत मांडिला, आणि नको नको म्हणत सर्वांहून अधिक जेवले, तेव्हां मेव्हणीने यांचे नाव नकोजीराव ठेविले, ते पुढे सर्वतोमुखी जाहले. यांचा कुळाचार ऐसा की, कोणी काही देऊ केले तर दोनदा नको म्हणावे, मग देणाऱ्याने रागवावे, शपथ घालावी, आणि तिसऱ्या खेपेस "बरं, अगदी थोडं" ऐसे म्हणोन सर्व घ्यावे. आपल्या मुलखात हा कारभार सुरळीत चालत होता, कारण तेथे पहिल्या नकोवर विश्वास ठेवणारा माणूस अद्याप जन्मास यावयाचा आहे.

आता यंत्राची उत्पत्ती. नकोजीरावांस नित्य सकाळी हुकूम होई, की दुधाकडे बघा. ते बघत. एकटक बघत. आणि बघता बघता त्यांच्या डोळ्यांदेखत दूध उतू जाई, कारण बघा ऐसे फर्मान होते, गॅस बंद करा ऐसे नव्हते. हे बहुत काळ सोसून बाईसाहेबांनी मसलत केली आणि एक यंत्र सिद्ध केले. ते भांड्याच्या काठास चिमट्याने अडकवावे, मग ते उकळीचा आवाज ऐकत बसते, आणि फेस वर चढू लागला की आत भरलेल्या खुद्द बाईसाहेबांच्या आवाजात "अहो, दूध!" ऐसी आरोळी ठोकिते. आरोळी इतकी जरबेची की शेजारपाजारचे यजमानही आपापल्या गॅसकडे धाव घेत. यंत्राचे नाव उतूभंजन.

मग दूरच्या एका मुलखात नवी उद्योगनगरी वसत असून तेथे परदेशी उद्योजकांस, ज्यांच्या धंद्यास हल्ली स्टार्टअप म्हणतात, पायघड्या घालितात ऐसी खबर आली. अर्ज गेला आणि चाचणी परवाना आला. शर्त ऐसी, की मुदतीच्या आत नगरीत बसूनच यंत्राचा पक्का नमुना करावा आणि पंचांपुढे चालवून दाखवावा. दाखविला तर परवाना कायम, न दाखविला तर गाशा गुंडाळून माघारी. बाईसाहेबांनी राजीनामा दिला. साहेब बोलिले, "जा बाई, जा. पण तुमची खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली तर मग रागवायचं नाही." आणि त्याच आठवड्यात ती खुर्ची आपल्या भाच्यास बहाल केली. सबब माघारीची वाट तेथेच बुजली, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

मजल दरमजल करीत, म्हणजे विमानात गुडघे दुमडून, उभयता नगरीत दाखल जाहली. नगरी म्हणजे पूर्वीचा साबणाचा कारखाना. ऊन तापले की भिंतींस अजून साबणाचा वास येई, आणि आत काचेची दालने, रंगीत खुर्च्या, आणि दर दहा पावलांवर कोणी ना कोणी भविष्य घडवीत बसलेले. त्या मुलखाची भाषा नकोजीराव वर्गात जाऊन शिकले होते. बाईसाहेबांस ती येत नव्हती, त्यांस यंत्रांची येत होती. म्हणोन बोलावयाची सरदारी नकोजीरावांकडे आली. पुढील सर्व अनर्थाचे मूळ ते हेच.

नगरीच्या किल्लेदारीणबाई म्हणजे उंच, मितभाषी, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा मिरविणारी बाई. मनाने वाईट नव्हे. परंतु तिच्या मुलखाची रीत ऐसी की, एकदा विचारावे. हो म्हटले तर द्यावे, नको म्हटले तर यास खरेच नको आहे ऐसे समजोन आपल्या कामास लागावे. पहिल्याच दिवशी तिने उभयतांस वरच्या मजल्यावर नेले आणि खिडकीतले कामाचे टेबल दाखविले. अहाहा, काय ते टेबल! जाड लाकडाचे, कडेला लोखंडी शिकंजा, वाकविता येईल ऐसा दिवा, सोल्डरिंगचा सर्व सरंजाम जागच्या जागी. बाईसाहेबांनी त्यावरून हात फिरविला आणि त्यांचे डोळे भरून आले, हे बखरकार आपल्या पदरचे लिहीत नाही.

किल्लेदारीणबाईने किल्ली पुढे धरिली. "हे रिकामं आहे. हवंय तुम्हाला?"

तेव्हां नकोजीरावांचे दोन्ही हात ताटावर धरावे तैसे पुढे आले आणि ते वदले, "नको नको! कशाला उगाच तुम्हाला त्रास? आमचं काय, आम्ही कुठेही बसू."

"बरं," ऐसे म्हणोन तिने किल्ली खिशात घातली आणि ती जिना उतरून गेली.

नकोजीराव मंद हास्य करीत दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत उभे राहिले. विचारणे येईना. बाईसाहेब बोलिल्या, "अहो, गेली ती!" तेव्हां हे म्हणाले, "अगं, येईल परत. असं कुणी एकदाच विचारून जातं का?" ती परत आली ती दुपारी, दोन दाढीवाल्यांस घेऊन. त्यांनी "हवंय" म्हटले आणि टेबल घेतले. कुत्र्याचा फोटो काढला असता कुत्र्याचे मन ओळखणारे ॲप ते करीत होते, त्यांस हत्याराचे काडीचे काम नव्हते. त्यांनी शिकंज्यात मोबाईल अडकविला आणि त्यावर क्रिकेटसारखे काहीसे पाहत बसले. ते पाहून बाईसाहेबांच्या अंगाची लाही लाही जाहली.

मग भाड्याच्या खोलीत, ओट्यावर, कारखाना मांडिला. पहिला टाका घालताच सोल्डरिंगच्या धुराने छतावरचा भोंगा केकाटू लागला, सारी इमारत चपला घालून रस्त्यावर उतरली, आणि घरमालकिणीने जिन्यातच फर्मान काढिले की, या खोलीत स्वयंपाक करावा, उद्योग करू नये. येणेप्रमाणे ओटाही गेला. टेबलावाचून यंत्र नाही, यंत्रावाचून परवाना नाही, ऐसा पेच पडला.

"आता जाऊन सरळ मागा," बाईसाहेब म्हणाल्या. नकोजीरावांचा चेहरा उतरला. "एकदा नको म्हटलं, आता कोणत्या तोंडानं मागू?" तोंड एकच होते, परंतु ते त्यांच्या ताब्यात नव्हते.

सबब आडवाटेने साधने मिळवावी ऐसी मसलत ठरली, आणि नकोजीराव नगरीत मोहिमेस निघाले. प्रथम मार्गदर्शकांचे ठाणे गाठिले. पहिल्या मार्गदर्शकाने फळ्यावर गोल काढिले, गोलात गोल काढिला, आणि आधी स्वतःची कहाणी शोधा ऐसा उपदेश करून दुसऱ्याकडे धाडिले. दुसऱ्याने तिसऱ्याकडे धाडिले. तिसरा म्हणाला, तुम्ही पहिल्याला भेटायला हवं. मग सायंकाळच्या मेळाव्यात घुसले. तेथे सर्वांनी छातीवर नावाच्या चिठ्ठ्या डकविल्या होत्या, आणि जो तो दुसऱ्यास दाता समजोन त्याच्याकडे हसत चालून जात होता, आणि जवळ गेल्यावर समोरचाही आपल्यासारखाच याचक निघाला म्हणोन दोघेही हसत मागे फिरत होते.

मग त्या नगरीची एक भिंत होती, तिला गरजेची भिंत म्हणत. ज्यास जे हवे त्याने ते रंगीत कागदावर लिहून तेथे चिकटवावे, ज्याच्यापाशी असेल त्याने ते आणोन द्यावे, ऐसी उत्तम वहिवाट. कोणी लिहिले होते, खुर्ची हवी. कोणी, वकील हवा. एकाने तर मित्र हवा ऐसे लिहिले होते, आणि त्यास तोही मिळाला होता. नकोजीराव पिवळा कागद घेऊन बहुत वेळ उभे राहिले, घाम पुसला, इकडे तिकडे पाहिले, आणि लिहिले: 'आमचे सर्व उत्तम चालले आहे. आपण कसे आहात?' बाईसाहेब दुरून पाहत होत्या. त्यांनी विचारिले, "मागितलंत ना?" हे म्हणाले, "विषय काढून ठेवलाय."

आणखी ऐका. तळमजल्यावर एक लेथवाले आजोबा होते, त्यांनी यंत्राचे उघडे पोट पाहिले आणि म्हणाले, "याला धातूची डबी करून देऊ का?" नकोजीराव म्हणाले, "छे छे, तुम्ही कुठे या वयात..." आजोबा दुखावले आणि मासे धरावयास निघून गेले. दाढीवाल्यांनीही एकदा अर्धे टेबल देऊ केले. "नको, तुमचं चालू द्या." दाढीवाल्यांनी चालू दिले. मुदत सरत चालली, आणि बाईसाहेबांनी त्या दिवसापासून नवऱ्याशी यंत्राविषयी बोलणे सोडिले. भांडल्या असत्या तर बरे होते. त्या न भांडता खिडकीशी बसून राहत, आणि कारखान्याच्या जुन्या ओळखपत्राची दोरी बोटास गुंडाळीत. 

मग एके सकाळी बाईसाहेबांनी दोरी पेटीत टाकिली आणि कडक फर्मान काढिले. की, आजपासून या घरात कोणतीही वस्तू एकदाच विचारिली जाईल. जो नको म्हणेल त्यास ती मिळणार नाही. अपील चालणार नाही. आणि तालीम सुरू जाहली.

"चहा?"

"नको, कशाला आत्ता..."

चहा बेसिनमध्ये ओतला गेला. नकोजीराव पाहतच राहिले. दुसरे दिवशी चहा गेला, आणि त्याजबरोबर न्याहारीही गेली. तिसरे दिवशी भुकेने कासावीस होऊन "ह..." इतके उमटले, पुढचे उमटेना. त्याच दिवशी मातोश्रींचा फोन आला. त्यांस हकिगत कळताच त्यांनी उलट तोफ डागिली. "अरे, एकदा विचारलं आणि लगेच हो? लोक काय म्हणतील? घरी काही मिळत नव्हतं म्हणतील! मी तुला असं वाढवलं?" नकोजीराव एका कानी मातोश्री आणि दुसऱ्या कानी बायको ऐसे मध्ये सापडले. अखेर आठवडा उलटता उलटता चहास "हो" निघाला, तोही मान खाली घालून, चोरी केल्यासारखा. बाईसाहेबांनी कप पुढे केला आणि त्या हसल्या. बहुत दिवसांनी हसल्या.

आता मुख्य लढाई. पंचांची तारीख जवळ आली असता दाढीवाल्यांचे ॲप बुडाले, कारण त्याने ज्या कुत्र्यास प्रसन्न ठरविले त्याच कुत्र्याने त्यांच्या पहिल्या गिऱ्हाइकास चावा घेतला. ते चंबूगबाळे आवरून गेले आणि टेबल रिकामे पडले. खबर लागताच उभयता धावत वर गेली. पाहतात तो किल्लेदारीणबाई टेबलापाशी उभी, आणि दोन हमाल एक भला थोरला बिघडलेला प्रिंटर घेऊन जिन्यात. प्रिंटर ठेवावयास जागा नव्हती, म्हणोन तो टेबलावर ठेवावा ऐसी तजवीज जाहली होती.

किल्लेदारीणबाईने यांस पाहिले आणि रीतीप्रमाणे विचारिले, "टेबलाला आता कुणी नाही. तुम्हाला हवंय का?"

नकोजीरावांनी तोंड उघडिले. सात पिढ्या घशात दाटल्या. आणि बाहेर पडले ते "नको, असू दे, प्रिंटर ठेवा ना, आमचं काय..." ऐसेच.

"बरं," ती म्हणाली आणि हमालांस खूण केली.

भाषा न समजता बाईसाहेब सर्व समजल्या. त्या पिशवी खांद्यावर घेऊन जिन्याकडे वळल्या. ती वळलेली पाठ पाहिली मात्र, आणि नकोजीरावांच्या आत काहीतरी चढू लागले, आणि चढत चढत ते गळ्याशी आले, आणि ते धावत जाऊन प्रिंटरच्या आडवे पडले आणि ओरडले, "हवंय! आम्हाला हवंय! आत्ता हवंय, आणि पहिल्या दिवशीसुद्धा हवं होतं! मी खोटं बोललो! टेबल हवंय, दिवा हवाय, दोन खुर्च्या हव्यात, एकीला पाठ हवी! आजोबांची डबी हवी! कॉफीसुद्धा हवी होती, तुम्ही विचारलीत तेव्हा मी आत्ताच झाली म्हटलं, झाली नव्हती! माझ्या बायकोनं खुर्ची सोडली माझ्या भरवशावर, आणि मी... मला मागता येत नाही हो! पण हवंय!"

ऐसे ते उतू गेले. उतूभंजन सिद्ध जाहल्यापासून बाईसाहेबांनी काहीही उतू जाऊ दिले नव्हते, परंतु हे जाऊ दिले, शेवटच्या थेंबापर्यंत जाऊ दिले. हमालांनी प्रिंटर आपल्याच पायांवर टेकविला. किल्लेदारीणबाई चकित होऊन म्हणाली, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं की." आणि तिने खिशातून किल्ली काढून दिली. इतकेच. ना तह, ना खंडणी. प्रिंटर पुढे बाथरूमबाहेर ठेविला, तेथे तो अद्याप आहे.

मग काय पुसता! बाईसाहेबांनी बाह्या सरसावल्या. नकोजीराव आजोबांकडे गेले, माफी मागितली आणि डबी मागितली. आजोबा कुरकुरले, पण रात्र पडण्यापूर्वी डबी करून दिली, आणि झाकणास आपल्या मनाने एक कडीही लाविली. पंचांच्या दिवशी यंत्र टेबलावर सिद्ध होते.

तेथे अखेरचे संकट आले. एका पंचाने यंत्र उलटसुलट करून विचारिले, "पण दूध उकळता कशाला? डब्यातून ओतायचं आणि प्यायचं." सर्व पंचांनी माना डोलाविल्या. त्या मुलखात कोणी दूध तापवीतच नाही! ही गोष्ट इतके दिवस नगरीत वावरून उभयतांच्या ध्यानी आली नव्हती, कारण दूध तापवीत नाहीत ऐसे घर असू शकते हेच त्यांच्या स्वप्नी नव्हते. नकोजीराव डबीची कडी उघडझाक करू लागले. तेव्हां बाईसाहेब पुढे जाहल्या. त्यांस त्या भाषेतले शब्द थोडेच आले होते, त्यांतले दोन त्यांनी काढिले. "सूप. उकळतं."

आणि यंत्र उचलून त्या सरळ खालच्या भोजनगृहात चालू लागल्या, आणि पंच खुर्च्या सरकवीत मागे गेले. तेथील स्वैंपाकीणबाईचे सुपाचे पातेले नित्य उतू जाई आणि ती नित्य शेगडी घाशीत शिव्या मोजी, हे दुपारी जेवणारे सर्वच जाणत होते. बाईसाहेबांनी पातेल्यास यंत्र अडकविले. सूप गुरगुरू लागले, फेस काठाशी आला, आणि साबणाच्या त्या कारखान्यात मराठी आरोळी घुमली, "अहो, दूध!" स्वैंपाकिणीने दचकून शेगडी बंद केली. एक थेंब सांडला नाही.

पंचाने या शब्दांचा अर्थ पुसला. नकोजीराव म्हणाले, "जिथे असाल तिथून उठा, असा साधारण अर्थ आहे." स्वैंपाकीणबाई म्हणाली, "हे मला हवंय," आणि यंत्र काढून देईना. पंचांनी तेथेच, सुपाच्या वाफेत, परवाना कायम केला.

येथे बखर संपावयाची. परंतु एक प्रकरण राहिले, आणि ते न लिहिणे अन्यायाचे होईल. पुढे काही दिवसांनी आणखी कोणा मुलखातून एक म्हातारा बाप आणि त्याची लेक ऐसी दोघे नगरीत आली. लेकीने छातीशी एक खोके धरिले होते, आत काय उद्योग होता तो त्यांचा त्यांस ठाऊक. किल्लेदारीणबाईने त्यांस कोपऱ्यातले टेबल दाखविले आणि किल्ली पुढे धरिली. म्हाताऱ्याने छातीवर हात ठेविला, मान हालविली आणि तो मंद हसला. लेकीचे डोळे टेबलावरच होते. किल्लेदारीणबाई "बरं" म्हणोन वळली.

ते हसू नकोजीरावांनी ओळखिले. आपलेच हसू ते. हातचे हत्यार टाकून ते धावले. "बाई, त्यांना परत विचारा."

"विचारलं की. नको म्हणाले ते."

"म्हणणारच. परत विचारा."

तिने विचारिले. म्हातारा पुन्हा नको म्हणाला, परंतु जरा हळू. "अजून एकदा," नकोजीराव म्हणाले. "अहो, हा छळ आहे," ती म्हणाली. "एकदाच. माझ्यासाठी." तिने तिसऱ्यांदा विचारिले. म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिले, आणि होकारार्थी मान हालविली. लेकीने खोके टेबलावर ठेविले आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरिली.

किल्लेदारीणबाई किल्ल्यांचा जुडगा चाळवीत म्हणाली, "म्हणजे त्या पहिल्या दिवशी, मी आणखी दोनदा विचारलं असतं तर...?"

"हो," नकोजीराव म्हणाले. एकदाच विचारिले असता म्हणाले.

"अरे देवा," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

येणेप्रमाणे टेबल फत्ते जाहले, परवाना फत्ते जाहला, आणि नगरीच्या कायद्यात नवे कलम दाखल जाहले, की परमुलखातून आलेल्यास कोणतीही वस्तू तीनदा विचारावी. मातोश्रींस हे कळविले तेव्हां त्यांनी नगरी सुधारू लागली ऐसा निकाल दिला. नकोजीरावांस पहिल्या खेपेस हो म्हणता येते, परंतु चहापुरतेच खात्रीने. बाकी तालीम चालू आहे. बाईसाहेबांची खिडकीतली खुर्ची पाठीची आहे. ही हकिगत जैसी घडली तैसी लिहिली, पदरचे मीठ बेताचे घातले. वाचून जाहल्यावर ही बखर दुसऱ्या कोणास वाचावयास द्यावी; आणि तो नको म्हणाला, तर आणखी दोनदा विचारावे.